उसाचा रस, जिवाणू आणि आरएनएवरचे पहारेकरी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत गव्हाणीत मोळी पडली, की पुढचे काही महिने सारे अर्थकारण एका शब्दाभोवती फिरत राहते. तो शब्द म्हणजे उतारा. शंभर किलो उसापासून किती किलो साखर हाती आली, याचे हे प्रमाण. केंद्र सरकार जाहीर करीत असलेला रास्त व किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी, या उताऱ्याशी बांधलेला असल्याने त्यातील अर्ध्या टक्क्याचा फरकही शेतकऱ्याच्या हिशेबात उमटतो. कृष्णा-कोयनेच्या काठचा हा पट्टा चांगल्या उताऱ्यासाठी राज्यात ओळखला जातो. रेठरे बुद्रुकचा 'कृष्णा' असो वा साखराळ्याचा 'राजारामबापू', कारखान्यांच्या प्रयोगशाळांत रात्रंदिवस रसाचे नमुने तपासले जातात ते यासाठीच. फलटण तालुक्यातील पाडेगाव येथे १९३२ साली सुरू झालेल्या ऊस संशोधन केंद्राची दीर्घ वाटचालही अधिक ऊस आणि अधिक साखर या दुहेरी अपेक्षेनेच झाली.

या साऱ्या खटाटोपात एक भागीदार न बोलावता येतो. तो म्हणजे जिवाणू. कोयता चालला, की उसाची दोन्ही टोके उघडी पडतात आणि त्या वाटेने माती, पाचट व अवजारांवरील जिवाणू गोड रसात शिरतात. उसातील स्वतःची विकरे साखरेचे विघटन सुरू करतातच. त्यात ही भर पडते. जळिताचा ऊस तर आणखी लवकर बिघडतो. 'ल्युकोनोस्टॉक' हा या चोरांतला सर्वांत कुप्रसिद्ध. तो सुक्रोजमधील, म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेतील, ग्लुकोजचे दुवे जोडून डेक्स्ट्रान नावाचा डिंक तयार करतो. या डिंकाने रस दाट होतो, गाळणे अवघड जाते, साखरेचे स्फटिक लांबट व वेडेवाकडे येतात.

दुसरा डिंक लेव्हान. सुक्रोजमधील फ्रुक्टोजचे दुवे जोडले, की तो बनतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स प्रांतातील उसाच्या रसावर काम करणाऱ्या रॉबर्ट ग्रेग-स्मिथ या जिवाणूशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी तो ओळखला आणि त्याला हे नाव दिले. तो तयार करणारा जिवाणू बॅसिलस कुळातील होता. म्हणजे लेव्हानचा इतिहास उसाच्या कांडीपासूनच सुरू होतो. हे दोन डिंक प्रयोगशाळेलाही चकवतात. रसातील साखर मोजण्याची 'पोल' ही पद्धत प्रकाशाचे प्रतल किती वळते, यावर आधारलेली आहे. सुक्रोज ते उजवीकडे वळवते. डेक्स्ट्रानही उजवीकडेच, आणि बऱ्याच जोराने. त्यामुळे नसलेली साखर कागदावर दिसते. लेव्हान डावीकडे वळवतो. त्यामुळे असलेली साखर लपते.

नुकसानीची ही बाजू कारखान्यातील रसायनतज्ज्ञांना चांगली परिचित आहे. कमी परिचित आहे तो त्यामागचा प्रश्न. मातीत उपाशीपोटी पडून असलेल्या जिवाणूला साखर आली, हे कळते कसे? आणि थोडी आली की पुष्कळ आली, हा भेद त्याला कोण सांगते? बॅसिलस सब्टिलिस या मातीतल्या जिवाणूपुरते तरी याचे उत्तर पुष्कळ तपशिलाने मिळाले आहे. ते उत्तर आरएनएला बिलगणाऱ्या काही प्रथिनांत आणि त्या प्रथिनांना चालवणाऱ्या अगदी लहान रेणूंत दडलेले आहे.

लिहिता लिहिता थांबणारा मजकूर

जनुकातील माहिती वापरायची, तर प्रथम डीएनएवरून आरएनएची प्रत काढावी लागते. आरएनए पॉलिमरेज हे विकर एकेक अक्षर जोडत ही प्रत लिहिते आणि रायबोसोम ती वाचून प्रथिन बनवतो. प्रत काढायची की नाही, याचा निर्णय डीएनएवर, म्हणजे लेखन सुरू होण्यापूर्वीच होतो, असे दीर्घकाळ मानले जात असे. जनुकाच्या तोंडाशी बसून वाट अडवणारी प्रथिने १९६० च्या दशकात सापडली होती आणि सारे लक्ष त्यांच्याकडेच होते.

पुढे असे दिसून आले, की अनेकदा लेखन सुरू होते आणि शंभर-दोनशे अक्षरे लिहून झाल्यावर, खरे जनुक येण्याआधीच, ते थांबते. आरएनएचा धागा एकेरी असल्याने तो स्वतःभोवती दुमडतो. एका विशिष्ट जागी घट्ट घडी पडली, की पॉलिमरेज निसटून पडते. तिला समापक घडी म्हणू. त्याच जागेतील काही अक्षरे दुसऱ्या एखाद्या घडीत अडकली, तर समापक घडी पडू शकत नाही आणि लेखन पुढे जाते. दोन घड्या एकाच वेळी पडू शकत नाहीत, कारण दोहोंना लागणारी काही अक्षरे तीच असतात.

रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी पाजणाऱ्या शेतकऱ्याला हे सहज उमजेल. पाटाचे पाणी वाहतच असते. दारे धरणारा माणूस खोऱ्याने एक दार मोडतो, दुसरे बांधतो आणि पाणी या सरीतून त्या सरीत वळते. आरएनएला बिलगणारे प्रथिन हे दारे धरण्याचेच काम करते. फरक इतकाच, की इथे वेळ फार थोडा असतो. पॉलिमरेज सेकंदाला काही दशके अक्षरे लिहीत धावते, त्यामुळे निर्णय काही सेकंदांत व्हावा लागतो.

थोड्या साखरेचा एक, फार साखरेचा दुसरा

बॅसिलस सब्टिलिसमध्ये साखरेसाठी असे दोन दारकरी आहेत. एकाचे नाव सॅक-टी, दुसऱ्याचे सॅक-वाय. दोघेही आरएनएवरील सुमारे ३० अक्षरांच्या एका खुणेला बिलगतात. ही खूण समापक घडीच्या जागेत किंचित शिरलेली असते. प्रथिनाने तिला धरून ठेवले, की समापक घडी पडत नाही आणि पुढील जनुक लिहिले जाते.

मग साखर नसताना हे दोघे गप्प का बसतात? त्यांच्या अंगावर फॉस्फेटचा एक लहानसा गट चढवलेला असतो म्हणून. जिवाणूच्या पेशीत फॉस्फेट एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, उसाची मोळी हातोहात वाहनात चढवावी तसा, सरकत येतो. साखळीच्या शेवटी पेशीच्या आवरणात बसलेले साखरवाहक प्रथिन असते. सुक्रोज आत येत असेल, तर हा फॉस्फेट त्या सुक्रोजवर चढतो आणि साखर पेशीत ओढली जाते. सुक्रोज नसेल, तर फॉस्फेट तुंबतो आणि वाहक तो सॅक-टी किंवा सॅक-वायवर चढवून त्यांना निकामी करतो. साखर आली, की ओझे तिच्याकडे वळते, दारकरी मोकळा होतो आणि आरएनएला धरतो. येथे सुक्रोजचा रेणू प्रथिनाला स्वतः स्पर्शही करीत नाही. केवळ फॉस्फेटची वाट बदलून तो आपले काम साधतो.

दोघांची विभागणी पाहण्यासारखी आहे. सुक्रोज अगदी थोडे असले, तरी सॅक-टी जागा होतो आणि साखर आत आणणारा वाहक व ती फोडणारे विकर यांची जनुके चालू करतो. हा पोट भरण्याचा मार्ग. सॅक-वायला मात्र पुष्कळ सुक्रोज लागते. त्याच्यावर नजर ठेवणारे सॅक-एक्स हे प्रथिन वाहकाच्याच घराण्यातले. पण त्याचे मुख्य काम साखरेची चाहूल घेणे हे आहे. साखरेचा पूर आला, की सॅक-वाय मोकळा होतो आणि लेव्हानसुक्रेज या विकराचे जनुक चालू होते. हे विकर पेशीबाहेर सोडले जाते, सुक्रोज फोडते, ग्लुकोज मोकळे करते आणि फ्रुक्टोजची लांबच लांब साखळी गुंफते. तोच लेव्हान.

उसाच्या रसात सुक्रोज शेकडा १५ च्या आसपास असते, असे धरले तर ते मातीत मुळांजवळ पाझरणाऱ्या साखरेच्या कित्येक पट भरते. अशा रसात पडलेल्या बॅसिलसच्या दृष्टीने हा महापूरच असतो. ज्या सुक्रोजसाठी शेतकरी वर्ष-दीड वर्ष राबतो, तेच सुक्रोज डिंकाचे जनुक उघडण्याची आज्ञाही देते. डिंकाचा कारखाना चालवायला स्वतंत्र निरोप्याची गरज पडत नाही. कच्चा मालच निरोप घेऊन येतो.

या लेव्हानसुक्रेजच्या जनुकाला प्रयोगशाळेत एक वेगळेच भाग्य लाभले आहे. ई. कोलायसारख्या जिवाणूत ते घातले आणि त्याला साखर चारली, तर तो जिवाणू मरतो. त्यामुळे नको असलेले जिवाणू निवडून मारण्यासाठी जगभरातील जनुकशास्त्रज्ञ हे जनुक वापरतात.

या घराण्याचा शोध लागण्यात एका भारतीय संशोधकाचा मोलाचा वाटा आहे. ई. कोलाय या जिवाणूत सॅलिसिन ही शर्करायुक्त संयुगे पचवणारा 'बीजीएल' नावाचा जनुकसमूह आहे. सॅलिसिन वाळुंजाच्या कुळातील झाडांच्या सालीत आढळते. अमेरिकेत अँड्र्यू राइट यांच्यासमवेत काम करताना एस. महादेवन यांनी १९८७ साली 'सेल' या नियतकालिकात दाखवून दिले, की या समूहातील एक जनुक लेखन अर्ध्यावर थांबू न देण्याचे काम करते. त्या जनुकाचे प्रथिन बीजीएल-जी. ते फॉस्फेटने बांधले जाते हे १९८९ मध्ये आणि आरएनएला धरते हे १९९० मध्ये राइट यांच्याच गटाने सिद्ध केले. सॅक-टी व सॅक-वाय ही त्याचीच भावंडे निघाली. महादेवन पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि त्यांनी या जनुकसमूहावरचे काम तेथे चालू ठेवले.

अकरा पाकळ्यांची बांगडी

लहान रेणू प्रथिनाच्या थेट कुशीत शिरून त्याला कामाला लावतो, याचे सर्वांत देखणे उदाहरण मात्र साखरेचे नाही. ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे आहे.

ट्रिप्टोफॅन हे पेशीला सर्वांत महाग पडणारे अमिनो आम्ल. ते आयते मिळत असेल, तर घरी बनवणे हा शुद्ध अपव्यय ठरतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील चार्ल्स यानोफ्स्की (१९२५-२०१८) यांनी या एका प्रश्नावर आयुष्य घालवले, असे म्हटले तरी चालेल. ई. कोलायमध्ये हा निर्णय रायबोसोमच्या गतीवरून होतो, हे त्यांच्या गटाने १९७० च्या दशकापासून उलगडत नेले. आरंभीच्या आरएनएत १४ अमिनो आम्लांचा एक छोटासा मजकूर असतो आणि त्यात ट्रिप्टोफॅन लागोपाठ दोनदा येते. ते तुटपुंजे असले, की रायबोसोम तेथे अडखळतो, घडी बदलते आणि लेखन पुढे जाते.

बॅसिलस सब्टिलिसमध्येही असेच काही असणार, अशी अपेक्षा होती. ती साफ चुकीची ठरली. येथे रायबोसोमची गरजच नसते. १९९० मध्ये पॉल गोलनिक, यानोफ्स्की व सहकाऱ्यांनी या कामासाठी लागणारे जनुक शोधले. १९९३ मध्ये त्याचे प्रथिन ट्रिप्टोफॅनच्या उपस्थितीतच आरएनएला बिलगते, हे दिसले. त्या प्रथिनाचे नाव 'ट्रॅप'. १९९५ मध्ये आल्फ्रेड अँटसन व सहकाऱ्यांनी त्याची रचना प्रसिद्ध केली, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले असेल. निसर्गात दोन, चार, सहा अशा सम संख्यांची जुळणी नेहमीची. येथे ७५ अमिनो आम्लांच्या ११ सारख्या पाकळ्या जोडून एक बांगडी तयार झाली होती. शेजारशेजारच्या दोन पाकळ्यांच्या सांध्यात एक खोबण, अशा ११ खोबणी, आणि प्रत्येकीत ट्रिप्टोफॅनचा एक रेणू.

१९९९ मध्ये याच गटाने आरएनएसह बांगडीची रचना मांडली. आरएनएचा धागा बांगडीच्या बाहेरच्या कडेवर गुंडाळलेला असतो. बॅसिलस सब्टिलिसच्या ट्रिप्टोफॅन जनुकसमूहाच्या आरंभीच्या आरएनएतही जी-ए-जी किंवा यू-ए-जी अशी त्रिकुटे बरोबर ११ आढळतात. सात पहिल्या प्रकारची, चार दुसऱ्या. एकेका पाकळीला एकेक त्रिकूट. धागा असा गुंडाळला गेला, की लेखन चालू ठेवणारी घडी पडूच शकत नाही, तिच्या जागी समापक घडी पडते आणि ट्रिप्टोफॅन बनवणाऱ्या जनुकांपर्यंत पॉलिमरेज पोहोचत नाही.

ट्रिप्टोफॅन नसले, म्हणजे बांगडी मोडते असे नाही. ती ११ पाकळ्यांची तशीच राहते. पण खोबणींजवळचे तिचे काही भाग सैल, हलते असतात. ट्रिप्टोफॅन बसले, की ते आवळले जातात आणि आरएनएला धरता येईल असा पृष्ठभाग तयार होतो. सैल झालेली दावण ताणून बांधावी, तसे हे आहे. शिवाय पॉलिमरेजही मधल्या टप्प्यावर क्षणभर थबकते, त्यामुळे बांगडीला धागा गुंडाळायला अवसर मिळतो.

बांगडीचे काम येथे संपत नाही. एखादी प्रत निसटून पूर्ण लिहिली गेलीच, तर रायबोसोम जेथे बसतो ती जागा घडीत झाकली जाईल, अशी व्यवस्था ती करते. ट्रिप्टोफॅनसाठीचे एक जनुक तर मूळ समूहापासून दूर, फॉलिक आम्लाच्या जनुकांत राहते. तेथेही हीच बांगडी आरएनएवर बसून रायबोसोमची वाट अडवते. आणि बांगडीलाही आवर घालणारा आहे. २००१ मध्ये अँजेला व्हालबुझी व यानोफ्स्की यांनी 'अँटी-ट्रॅप' हे प्रथिन 'सायन्स'मध्ये जाहीर केले. ट्रिप्टोफॅन वाहून नेणारे वाहक आरएनए रिकामे फिरू लागले, की ते तयार होते आणि बांगडीला चिकटून तिचा आरएनएशी संबंध तोडते. म्हणजे पेशी एकाच मालाची दोनदा मोजदाद करते. कोठारात मोकळे किती पडले आहे आणि गाडीवर चढलेले किती आहे.

यातला विनोद असा, की जगभर अभ्यासासाठी वापरला जाणारा बॅसिलस सब्टिलिसचा '१६८' हा वाण स्वतः ट्रिप्टोफॅन बनवूच शकत नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठात १९४० च्या दशकात किरणांचा मारा करून जी उत्परिवर्तित पिढी तयार झाली, तिच्यातला हा एक. त्याचे एक ट्रिप्टोफॅन-जनुक बिघडलेले आहे. १९९७ मध्ये याच वाणाचा सुमारे ४२ लाख अक्षरांचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला.

इतर काही

हिस्टिडिन हे अमिनो आम्ल आणि मॅग्नेशियम ही दोन्ही एकत्र मिळाली, तरच 'हट-पी' हे सहा घटकांचे प्रथिन आरएनएला धरते आणि हिस्टिडिन पचवणारी जनुके चालू ठेवते. त्याची रचना जपानमध्ये काम करणाऱ्या थिरुमननसेरी कुमारवेल, पेन्मेत्चा कुमार व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'नेचर'मध्ये मांडली. 'पायर-आर' हे प्रथिन आरएनएच्याच घटकांपैकी एक असलेल्या यूएमपीच्या प्रमाणावरून ते घटक बनवणाऱ्या जनुकांचे लेखन थांबवते. अ‍ॅकोनिटेज तर मुळात सायट्रिक आम्लाच्या चक्रातले विकर. लोहाचा तुटवडा पडला, की बॅसिलसमध्ये ते आरएनएला धरू लागते, हे १९९९ मध्ये दिसून आले.

२००२ च्या सुमारास मात्र या क्षेत्राला एक धक्का बसला. काही ठिकाणी प्रथिनाचीही गरज नसते. जीवनसत्त्वासारखा लहान रेणू थेट आरएनएच्या घडीत शिरून तिला वळवतो, हे सिद्ध झाले. या 'रायबोस्विच'वर बसणारे जिवाणूविरोधी औषध शोधण्याचे प्रयत्नही झाले. मर्क कंपनीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रयोगशाळेत असा एक रेणू दाखवला. त्यानंतर प्रथिनवाली पद्धत जुनाट ठरेल, असे वाटणे स्वाभाविक होते. तसे झाले नाही. एकच प्रथिन अनेक जागी पाठवता येते, त्याला आवरणारे दुसरे प्रथिन घडवता येते. ट्रॅप व अँटी-ट्रॅप ही त्याचीच साक्ष.

मुळाशी मित्र, गव्हाणीत चोर

सांगलीच्या पूर्व भागात, तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षबागांत, बॅसिलस सब्टिलिस हे नाव अनोळखी नाही. भुरी व इतर बुरशीजन्य रोगांविरुद्ध वापरल्या जाणाऱ्या जैविक औषधांच्या डब्यांवर ते छापलेले असते. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानेही भुरीच्या नियंत्रणासाठी बॅसिलस जिवाणूंचा अभ्यास केला आहे. रासायनिक अंशामुळे निर्यातीचा माल अडू नये, ही त्यामागची निकड बागाईतदारांना सांगायला नको.

अशा जिवाणूने पिकाला उपयोगी पडायचे, तर त्याला मुळाशी किंवा पानावर तग धरता आला पाहिजे. येथे पुन्हा सुक्रोज व लेव्हान समोर येतात. वनस्पतींच्या मुळांतून सुक्रोज थोड्या प्रमाणात पाझरत असते. चीन व अमेरिकेतील संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले, की या सुक्रोजपासून बॅसिलस सब्टिलिस लेव्हान बनवतो, त्या लेव्हानचीच त्याला चाहूल लागते आणि मग तो सर्फॅक्टिन नावाचा साबणासारखा पदार्थ सोडून मुळावर सरकत पसरतो. कारखान्यात ज्या डिंकाने गाळणी तुंबते, तोच डिंक मुळाशी वस्तीचा पहिला दगड ठरतो.

म्हणून बॅसिलस शत्रू की मित्र, हा प्रश्न जिवाणूपुरता विचारण्यात फारसा अर्थ नाही. भोवती सुक्रोज किती आहे आणि त्यामुळे कोणता दारकरी मोकळा झाला आहे, यावर ते अवलंबून असते. जैविक औषध गुळाच्या किंवा काकवीच्या पाण्यात वाढवून फवारण्याची पद्धत काही शेतकऱ्यांत आहे. तिच्या बाबतीतही हे ध्यानात घ्यायला हवे. जनुके तीच असली, तरी दाट गोड द्रावणातला आणि मातीतला जिवाणू सारखा वागत नाही. टाकीतून उपसलेला जिवाणू शेतात पडला, की त्याची दारे पुन्हा नव्याने लागतात.

गव्हाणीपुरता उपाय साधाच आहे. ऊस तोडल्यापासून शक्यतो २४ तासांत गाळावा. गिरणीचे लाट व रसाच्या चरी गरम पाणी, वाफ आणि जंतुनाशकाने धुवाव्यात; सांदीकोपऱ्यात साचणारा बुळबुळीत थर हाताने काढावा, कारण डिंकात बसलेल्या जिवाणूपर्यंत जंतुनाशक नीट पोहोचत नाही. डेक्स्ट्रान झालाच, तर डेक्स्ट्रानेज हे विकर रसात मिसळून तो तोडता येतो. लेव्हानवर मात्र त्या विकराचा काही परिणाम होत नाही, कारण त्यातले दुवे ग्लुकोजचे नसून फ्रुक्टोजचे असतात.